म्हातारी हरभरे भरडते तेव्हा

(एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कुत्री पाळणाऱ्यांसमोर एका पशुवैद्यांनी कुत्र्यांच्या गडगडाटाच्या भीतीबद्दल दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर या, जागा आहे. आणि त्या बीगलला कोणीतरी मघापासून बिस्किटं भरवतंय, ते थांबवा. नाहीतर उद्या सकाळी तो माझ्याच टेबलावर यायचा.

लहानपणी ढग गडगडले की आजी सांगायची, वर म्हातारी हरभरे भरडतेय. आम्हाला ते पटायचं. घरात जातं होतं, त्याची घरघर ओळखीची होती, त्यामुळे आभाळातला आवाजही घरचाच वाटायचा. कुत्र्याला ही म्हातारी सांगता येत नाही, सगळी अडचण तिथेच आहे. आवाज कुठून येतो ते त्याला उमगत नाही, कुठल्या बाजूला पळावं ते सुचत नाही, आणि ज्यांच्यावर त्याचा भरवसा ती माणसं चहा-भजी खात बसलेली असतात.

आता वळवाचे दिवस आले. आपल्याकडे खरी कडकड असते ती वळवात, मृगापर्यंत, आणि मग परतीच्या पावसात, हस्ताच्या आसपास. मधल्या झडीत पाऊस खूप, पण गडगडाट त्या मानाने कमी. हिवाळा तर बहुतेक मोकळाच. मी आज सांगणार आहे त्यातलं बरंचसं काम त्या मोकळ्या दिवसांचं आहे. फोन मात्र मला कडकडाट सुरू झाल्यावर येतात. ‘डॉक्टर, पलंगाखाली थरथरतोय, आता काय करू?’ अहो, आता त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. धडाम् धडाम् चालू असताना तो काही नवीन शिकणार नाही.

आपल्याला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं. कुत्र्याचा कान ४५,०००च्या आसपास जातो, आणि बारीक आवाजही तो आपल्याआधी टिपतो. शिवाय वादळ काही नुसतं आवाजाचं नसतं. वारा पडतो, मग एकदम सुटतो, अंधारून येतं, मातीचा वास येतो. कुत्रा या सगळ्याची साखळी जोडतो आणि भीती एकेक कडी मागे सरकत जाते. पहिल्या वर्षी गडगडाटाला घाबरतो, पुढच्या वर्षी विजेच्या लखलखाटाला, मग नुसत्या वाऱ्याला.

माझ्याकडे चिकू नावाचा एक गावठी कुत्रा येतो. तपकिरी, एक कान मोडलेला. त्याची कडी पार कुठे गेली होती माहितीये? दोरीवरच्या कपड्यांपर्यंत. आभाळ भरून आलं की काकू गॅलरीत धावायच्या, चिमट्यांचा टपटप आवाज, कपड्यांचा गठ्ठा पलंगावर फेकायचा, खिडक्या धडाधड लावायच्या. चिकू ते बघून पलंगाखाली. पुढे पुढे तर लख्ख उन्हात वाळलेले कपडे काढले तरी तो लाळ गाळत कोपऱ्यात. काकू म्हणाल्या, याला वेड लागलंय. मी म्हटलं, वेड कसलं, हवामान खात्यात घ्या त्याला. (हशा)

‘वयाबरोबर सवय होईल’ असं ऐकता ना? बहुतेकदा उलटं होतं. फिनलंडमध्ये २०२० साली जवळजवळ १३,७०० कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली, त्यात आवाजाला घाबरणारी ३२ टक्के निघाली, आणि गडगडाटाची भीती वयाबरोबर वाढलेली दिसली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सात-आठ वर्षं निवांत असलेला कुत्रा अचानक घाबरायला लागला, तर आधी त्याचे सांधे, कंबर, दात तपासून घ्या. दचकून अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ जाते, आणि त्याच्या डोक्यात आवाज आणि दुखणं यांची गाठ बसते. अशा कुत्र्याला कधीकधी भीतीच्या गोळीआधी दुखण्याची गोळी लागते. ती डॉक्टरांकडूनच. तुमच्या डब्यातली आयब्युप्रोफेन त्याला विष आहे.

आता लाडांचा प्रश्न. ‘जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं’ हे आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनीच तुमच्या डोक्यात भरवलं. ते चूक आहे. सांगितलं की बसायचं ही कृती झाली, तिला बक्षीस दिलं की ती वाढते. भीती ही काही तो बक्षिसासाठी करत नाही. अमेरिकेत २००५ साली वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना गडगडाटाचं रेकॉर्डिंग ऐकवून त्यांची लाळ तपासली. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, तिपटीवर गेलं आणि ४० मिनिटांनीही पूर्ववत झालं नव्हतं. मालकाने काय केलं, कसा वागला, याने त्या आकड्यात फरक पडला नाही. तेव्हा तो कुशीत शिरत असेल तर शिरू द्या. नको असेल तर ओढून घेऊ नका. रागावणं मात्र नाहीच. बाथरूममध्ये जाऊन बसला तर बसू दे, दार उघडं ठेवा. पडदे ओढा आणि दिवे लावा, म्हणजे विजेचा लखलखाट जाणवत नाही. पंखा, टीव्ही चालू. गॅलरीत बांधून ठेवायचं नाही. साखळीसकट उडी मारलेली कुत्री मी पाहिली आहेत. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवा.

आणि दर गडगडाटामागे खाऊ. उकडलेली कलेजी, पनीर, काय आवडेल ते. कांदा-लसूण अजिबात नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी धडाम्, मग कलेजी. उलटं केलंत तर कलेजी दिसली की तो समजेल, आता काहीतरी कोसळणार. फटाक्यांच्या भीतीबद्दल २०२० साली एक पाहणी झाली होती. तिच्यात हा साधा उपाय करणाऱ्या सत्तर टक्क्यांहून जास्त मालकांनी उपयोग झाल्याचं सांगितलं. मोबाइलवर गडगडाट लावून सराव करून घेण्यावर मात्र फार विसंबू नका. गडगडाटाचा जीव त्याच्या खर्जात आहे, जो छातीत जाणवतो. मोबाइलच्या तेवढ्याशा स्पीकरमधून तो येतच नाही.

आता औषधं. इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. नव्याने दवाखाना टाकला तेव्हा मी एसिप्रोमाझिन नावाची शांत करणारी गोळी सर्रास द्यायचो. कुत्रा पडून राहायचा, मालक खूश, मी खूश. एकदा वळवाच्या संध्याकाळी अशाच एका अल्सेशियन कुत्रीच्या घरी मी अडकलो. गोळी दोन तासांपूर्वी दिलेली. ती पायरीशी आडवी, पाय लुळे, डोळ्यांवर पडदा अर्धा आलेला. बाहेर कडाडलं. अंग हललं नाही, पण छातीवर हात ठेवला तर हृदय धाडधाड उडत होतं. तिला सगळं ऐकू येत होतं, फक्त पळता येत नव्हतं. त्या दिवसापासून या कामासाठी ती एकटी गोळी मी दिलेली नाही. तुम्हाला कोणी देत असेल तर विचारा: ही भीतीची आहे की नुसती गुंगीची?

भीतीवर खरोखर चालणारी औषधं आहेत. ट्राझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम ही वेळेपुरती. क्लोमिप्रामिनसारखी मोसमभर रोज. २००३ साली क्लोमिप्रामिन, अल्प्राझोलाम आणि सराव असं तिन्ही एकत्र ४० कुत्र्यांवर करून पाहिलं. शेवटपर्यंत टिकली ३२, त्यातली ३० सुधारली, मालकांच्या सांगण्यावरून. मात्रा वजन, वय, लिव्हर बघून ठरते, म्हणून आजोबांच्या झोपेच्या गोळीतला तुकडा द्यायचा नाही. आणि पहिली गोळी कोरड्या, शांत दिवशी देऊन बघायची. काही कुत्री तिने शांत होण्याऐवजी जास्तच बिथरतात, ते वादळात कळायला नको.

गोळी लागू पडायला तासभर तरी जातो. पहिला गडगडाट ऐकून ती दिली तर वरात निघून गेल्यावर घोडा आणल्यासारखं. इथे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं ‘दामिनी’ अॅप कामाला येतं. ते शेतकऱ्यांना, गुराख्यांना विजेपासून सावध करायला काढलेलं आहे. तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. आपल्याला गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरवरूनच ऐकू येतो. म्हणजे बाहेरच्या परिघात ठिपके दिसायला लागले की तुम्ही म्हातारीच्या थोडे पुढे आहात. दुपारी उकाडा आणि ढग बघून आधीच दिलीत तर आणखी बरं.

चिकूचं सांगून थांबतो. काकूंना मी डिसेंबरात कामाला लावलं. आभाळात ढगाचा टिपूस नाही आणि काकू रोज एक रुमाल दोरीवर टाकून काढायच्या. एक रुमाल, एक कलेजीचा तुकडा. मग दोन रुमाल. मग चिमट्यांचा आवाज. फेब्रुवारीत धावत जाऊन काढायचं, मार्चमध्ये खिडकीही लावायची. शेजारी हसायचे म्हणे. सोबत गोळ्या होत्याच. मेमध्ये तरीही तो पलंगाखाली गेला, खोटं नाही सांगत. पण थरथर कमी होती आणि तिथे बसून त्याने खाल्लं. परतीच्या पावसात एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. मी आपला धसकाच घेतला. म्हणाल्या, ‘डॉक्टर, बाहेर कडाडतंय, मी कपडे काढून आणलेत, आणि हा पलंगाखाली नाहीये. फ्रिजसमोर बसलाय.’