खडखड किती वेळ टिकते, ते पाहा

(थंड इंजिन, पहिला स्टार्ट. आवाज पूर्ण.)

रात्रभर उभी असलेली जुनी गाडी. स्टार्टर फिरला आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूने ही खडखड आली. दोनेक सेकंदांत थांबलीसुद्धा. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा, आवाज बारीक असतो, एका लयीत टकटकतो. हा त्यातला नाही. हा टायमिंग चेनचा: पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, या दोन दांड्यांना जोडणाऱ्या साखळीचा.

गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं, म्हणजे ऑइलच्या दाबाने चेन ताणून धरणाऱ्या भागातलं, ऑइल खाली उतरतं. स्टार्ट केल्यावर दाब तयार होईपर्यंत चेन सैल असते आणि गाईडवर, म्हणजे तिला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, आपटते. तेवढ्यावरून लगेच इंजिन खोलायला घेऊ नये. आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड बघायची, फिल्टर बघायचा. फिल्टरमधली ऑइल अडवणारी रबरी झडप कडक झाली, तरी असाच आवाज येतो. पण इंजिन गरम झाल्यावरही खडखड सुरूच असेल, तर पुढची तपासणी टाळून चालणार नाही.

(स्कॅनरचा पडदा)

पी००१६, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड. क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, एवढंच हा कोड सांगतो. दोष चेनचा असेल, सेन्सरचा असेल, कॅमकडे ऑइल सोडणाऱ्या झडपेचाही असेल. कोड बघून थेट चेन मागवणारे बरेच भेटतात. ही घाई महागात पडते.

(टायमिंग कव्हर उघडलेलं, जवळून)

खालचं लहान चक्र क्रँकचं, वरचं मोठं कॅमचं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. मधल्या चेनमध्ये सांध्यासांध्याला पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश. प्रत्येक जागी केसाएवढी झीज झाली, तरी बेरीज होऊन अख्खी चेन लांब होते आणि कॅम मागे पडतो. या सांध्यांना वेगळं वंगण नाही. इंजिनात जे ऑइल फिरतं, तेच इथे. काजळी धरलेलं, पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल पिना झिजवतं. म्हणून जुनी गाडी समोर आली, की किलोमीटरच्या आधी ऑइल बदलल्याच्या नोंदी मागा. वेळेवर ऑइल मिळालेली चेन जास्त धावूनही धडधाकट निघते.

आता टेन्शनर. दांडा किती बाहेर आलाय बघा. नव्या चेनवर तो बराचसा आत असतो. चेन लांबते तसा खाचेखाचेने पुढे सरकतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल, तर निर्णय तिथेच होतो.

आणि हा गाईड. मूळचं फिकट प्लॅस्टिक उष्णतेने तपकिरी झालंय, कडेला तडा, मधे चेनने पाडलेली खोल चर. याचे तुकडे खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडले, तर ऑइल ओढणारी जाळी तुंबते. चेन दात सोडून सरकली, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काम सिलिंडर हेडपर्यंत जातं.

(नवे सुटे भाग टेबलावर)

एवढं खोलल्यावर फक्त टेन्शनर बदलून कव्हर लावणं आम्हाला पटत नाही. मजुरी मुख्यतः इथवर पोहोचण्याचीच असते. चेन, टेन्शनर, गाईड एकत्र बदलावेत. चक्रांचे दात आकड्यासारखे वळले असतील, तर तीही. क्रँकचं पुढचं ऑइल सील नवं. जे बोल्ट एकदाच वापरायचे असं मॅन्युअल सांगतं, ते जुने पुन्हा आवळू नयेत. पाण्याचा पंप याच चेनवर फिरत असेल, तर त्याचाही विचार आताच करावा.

(पाना क्रँकच्या बोल्टवर)

कव्हर लावण्याआधी इंजिन हाताने, ते एरवी फिरतं त्याच दिशेला, क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवायचं. चेन बसवताना खुणांशी जुळवलेल्या तिच्या रंगीत कड्या आता खुणांसमोर येणार नाहीत, त्यात चूक काही नाही. चक्रांवरच्या खुणा जुळायला हव्यात. फिरवताना मधेच कडक लागलं, तर जोर न लावता पाना काढायचा आणि टायमिंग पुन्हा पहिल्यापासून बसवायचं.