610 ते 616.462

"वैद्यकशास्त्राची पुस्तकं कुठे आहेत?"

ग्रंथालयाच्या काउंटरवरच्या, ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर पाठ आहे. ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक द्यायची पद्धत; तिच्यात वैद्यकशास्त्र 610. तो बोटानं रॅक दाखवतो. बाई जातात, दोन जाडजूड ग्रंथ चाळतात आणि रिकाम्या हातानं परततात.

त्यांच्या घरात कुणाला तरी नुकताच मधुमेह निघालाय. त्यांना हवा होता मधुमेहाचा वर्गांक, 616.462. मधलं अंतर दोनच प्रश्नांचं होतं: "नेमकं कशाबद्दल शोधताय?" आणि "घरी वाचायला हवंय की अभ्यासासाठी?"

मेल्व्हिल ड्यूई यांचं वर्गीकरण 1876 साली छापलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच वूस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सॅम्युएल ग्रीन ग्रंथपालांच्या परिषदेत सांगत होते, की वाचकाशी आपुलकीनं बोला, त्याला शोधायला मदत करा. वर्गांक बांधायचा सराव आपण शिक्षक विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा करून घेतो. वाचकाशी बोलण्यावर मात्र परीक्षेत नुसती टीप लिहिली की गुण मिळतात. मला हे खरंच खटकतं.

कारण वाचक पहिल्या दमात मनातलं विचारतच नाही. माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी 1968 मध्ये याचे चार टप्पे मांडले. आधी नुसती रुखरुख, जिला शब्दही नसतात. मग मनातल्या मनात अंधूक काहीतरी. मग नेमका प्रश्न. आणि शेवटी, इथे काय मिळेल याचा अंदाज बांधून, मुरड घालून विचारलेला प्रश्न. काउंटरवर येतो तो हा चौथा. ग्रंथपालानं तिथून उलट्या पावली मागे जायचं असतं.

हे शिकता येतं. खुला प्रश्न विचारून गप्प राहायचं. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. आजाराचा विषय असेल तर आवाज खाली आणायचा, माहिती द्यायची, पण औषधाचा सल्ला द्यायचा नाही. रॅकपर्यंत सोबत जायचं. आणि शेवटी, बहुतेकदा राहून जाणारं: "हवं ते मिळालं का?"

ईमेल, सादरीकरण, सहकाऱ्यांशी जुळवून घेणं, तेही लागतंच. पण सोपं शोधकाम वाचक आता मोबाइलवर स्वतःच करतो. उठून काउंटरपर्यंत येतो तो अडलेला माणूस. नोकरीत पहिल्या दिवशी समोर उभा राहणार तो हाच.

वर्ग सुटलाय. दोन विद्यार्थिनी सरावासाठी मागे थांबल्यात, एक वाचक, दुसरी ग्रंथपाल. पहिलीच्या हातात चिठ्ठी, तिच्यावर खरी गरज लिहिलेली. ती मोघमच विचारते, "कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?"

दुसरीचा हात रॅककडे उचलला जातो. ती तो खाली घेते.

"बसा ना. काय झालंय?"