लेखकाचं चाक, आपलं चाक

[पुस्तकाचा क्लोज-अप. कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर चिखलाने उमटलेला अंगठा.]

हे दिसतंय ना, हे माउंटन बाइकच्या वाटांचं पुस्तक आहे, म्हणजे ट्रेल गाइड. आणि यातलं सगळ्यात फसवं वाक्य कुठलं माहितीये? "५.० किलोमीटरला डावीकडचा फाटा घ्या." एकदम साधं सरळ वाटतं. पण हे ५.० कोणाचं? तर ज्याने पुस्तक लिहिलं त्याच्या मीटरचं.

हँडलवरचा तो छोटा मीटर अंतर मोजतच नाही, तो चाकाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्यात किती अंतर जातं ते आपणच त्याला आधी सांगून ठेवलेलं असतं. २६ इंची चाकाच्या एका फेऱ्यात साधारण २.०७ मीटर जातात, २९ इंचीच्या साधारण २.३. जुन्या सायकलचा मीटर काढून नव्या २९ इंचीला लावला आणि सेटिंग बदलायचं राहिलं (माझं राहिलं होतं, म्हणून एवढं ठासून सांगतोय) की खरे ५ किलोमीटर संपले तरी मीटर म्हणतो ४.५. मग आपण पुढेच जातोय, पुढेच जातोय, आणि फाटा गेला अर्धा किलोमीटर मागे.

जीपीएस असला तरी तेच, फक्त चूक वेगळी. तो थोड्या थोड्या वेळाने एकेक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेषेने जोडतो, त्यामुळे नागमोडी वळणांवर कोपरे कापले जातात आणि अंतर कमी भरतं. दाट झाडीत ठिपके इकडेतिकडे उडतात, तिथे उलट जास्त भरू शकतं.

[पायवाट. सायकल हळू जाते, मग थांबते.]

म्हणून नवीन पुस्तक हातात आलं की मी आधी त्यातली अशी वाट शोधतो जी मला पाठ आहे. काहींना हा वेळ वाया घालवणं वाटतं. पण तिथेच कळतं ना लेखकाचा हात! तो "थोडासा चढ" म्हणतो तेव्हा आपल्याला धाप लागते का, त्याच्या "दीड तासात" पाणी प्यायला थांबणं धरलंय का, त्याचा "मोठा दगड" केवढा. एकदा हे जुळलं की अनोळखी वाटेचं पान वाचताना मनात आपोआप बेरीज-वजाबाकी होते.

[नकाशावर बोट फिरतंय.]

नकाशात ह्या ज्या तपकिरी रेघा आहेत त्या कंटूर. एका रेघेवर सगळीकडे उंची सारखीच. रेघा लांब लांब तर जमीन सपाट, एकमेकींना चिकटल्या तर तीव्र चढ, एवढं बहुतेकांना माहीत असतं, पण हिशोब कोणी करत नाही. करून बघू. १:५०,००० च्या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. दोन रेघांत २० मीटर उंचीचा फरक असेल आणि वाट १ सेंटीमीटरमध्ये असे ५ टप्पे चढत असेल तर झाले १०० मीटर, म्हणजे २० टक्के चढ. सुट्या खडीवर २० टक्के म्हणजे मागचं चाक जागेवर गरगरणार आणि बहुतेक जण उतरून सायकल ढकलणार. मग पुस्तकात "सरासरी चढ ८ टक्के" लिहिलेलं असू दे की! सरासरीत सपाट तुकडे पण धरलेले असतात.

रंगांचं पण असंच. अमेरिकेत वाट किती अवघड ते सांगायला स्कीइंगवरून घेतलेली खूण चालते, सोप्यापासून अवघडापर्यंत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा डायमंड. त्यात हिरवी वाट कमीत कमी साधारण ९० सेंटीमीटर रुंद, निळी ६०, काळी ३०, आणि वाटेतले अडथळे हिरव्यावर ५ सेंटीमीटरपर्यंत, निळ्यावर २०, काळ्यावर ३८ पर्यंत. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये एक लाल पण घुसवलाय. आल्प्सकडच्या बऱ्याच पुस्तकांत एस ० ते एस ५ असे आकडे. त्यामुळे पहिली पानं, जिथे खुणांचे अर्थ दिलेले असतात आणि जी सगळे उलटून पुढे जातात, ती आधी वाचा.

आणि वाटांची नावं पण वाचा बरं का, नावं उगाच नसतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइसच्या परिसरात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकलींवर एका उतारावर शर्यती लावायला लागली. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. तीनेक किलोमीटरमध्ये जवळजवळ ४०० मीटर उतार, खाली येईपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणजे रिपॅक करायचं. त्या रस्त्याचं नावच पडलं रिपॅक. एवढं नाव कळलं तरी निघण्याआधी ब्रेक पॅड तपासावेसे वाटतात की नाही?

[पाऊस थांबलेला. वाटेवर चाकाची खोल चाकोरी.]

पुस्तक ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी वाट बहुतेक कोरडी होती. पावसानंतर तीच वाट वेगळी असते, मुळं निसरडी होतात, उतारावर पाणी वाहून घळ पडते, आणि ओल्या चिकण मातीवर चालवलं तर आपल्या चाकोरीतूनच पुढचं पाणी धावतं आणि वाट आणखी खणली जाते. अशा दिवशी न गेलेलं बरं. गेलात तर उतरताना चढणाऱ्याला वाट द्या, पायी चालणाऱ्याला तर कधीही.

आता समास. शिसपेन्सिल न्या, पेनची शाई भिजली की फुटते. हे पान बघा. छापलंय "५.० डावा फाटा". शेजारी माझं अक्षर, "माझा ४.९, फाट्यावर झाड आडवं, सायकल उचलून उजवीकडून." त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे, ती माझी नाही. पुस्तक मध्ये एका मित्राने नेलं होतं.

"झाड कापलंय. सरळ जा."