मळ जातो, डागाचं सांगता येत नाही

(लघु माहितीपट – निवेदन)

[पहाट. डिचोली, गोवा. अंगणात व्हॅन, मागचं दार वर.]

सकाळचे सहा. आधी चढते पाण्याची टाकी, मग मशीन, मग पाइपांचं वेटोळं. सगळ्यात शेवटी, मांडीवर धरून, एक प्लास्टिकची पेटी. पेटीत पांढरी फडकी, काड्यापेटी, पांढऱ्या व्हिनेगरची बाटली, मेजर टेप आणि कार्बन घातलेलं पुस्तक. मशीन बिघडलं तर दुसऱ्याचं मागून आणता येतं. पेटी विसरली, तर हे गालिचे धुणारे गृहस्थ अर्ध्या वाटेतून परत फिरतात.

नाव नको, ही त्यांची एकच अट. हाताखाली भाचा आहे, तो मामा म्हणतो. आम्हीही मामाच म्हणू. गिऱ्हाइकांकडे हाक बदलत जाते. डिचोलीत बाब, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये दादा, किनाऱ्यावरच्या व्हिलात भैया. फोनवर बहुतेक वेळा नुसतं ‘कार्पेटवालो’.

[जुना फोटो: टिपरला टेकून उभा तरुण.]

हा फोटो धुतलेला नाही असं वाटेल. धुळीचा रंगच तो आहे. मामा तेव्हा लोहखनिजाच्या खाणीवर टिपर, म्हणजे मालवाहू ट्रक, चालवायचे. खाण ते जेटी, जेटी ते खाण, दिवसभरात जमतील तितक्या खेपा. भुवया बघा, त्यासुद्धा लाल. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे पुन्हा चालू झाल्या. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून टिपर उभे राहिले. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत असं एखादं घर नसेल, जिथे त्या तारखेची गोष्ट सांगितली जात नाही.

मामा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागले. तिथे हे मशीन पहिल्यांदा पाहिलं. शाम्पूचं पाणी दाबाने गालिच्यात मारायचं आणि त्याच क्षणी ओढून घ्यायचं. ‘टिपरपेक्षा सोपं,’ त्यांना वाटलं होतं. २०२०च्या टाळेबंदीत हॉटेल बंद झालं, जुनं मशीन विकायला निघालं, आणि थकलेल्या पगाराच्या बदल्यात ते अंगणात आलं. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, “हे खातं किती?” विजेबद्दल विचारत होती.

[रस्ता. अस्नोडा, म्हापसा, मग पर्वरी. काचेवर धूळ.]

पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू आहे. वळण, मग वळणाला वळण. दहाची वेळ दिली होती, आता दहा वीस. फोन दोनदा वाजून गेला. पहिली तक्रार काम सुरू व्हायच्या आधीच नोंदली गेली आहे. मामा गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, ही टिपरची सवय.

[फ्लॅट. दार उघडतं. फक्त बांगड्यांचे हात दिसतात.]

या काकींनी चित्रीकरणाला होकार दिला, चेहरा न दाखवण्याच्या बोलीवर. त्यांचं पहिलं वाक्य आम्ही जसंच्या तसं ठेवलं आहे. “वीस मिनिटं मी उन्हात उभी होते.” गच्चीतून वाट बघत होत्या.

मामा चपला बाहेर काढतात. माफी एकदाच मागतात. दुसऱ्यांदा मागितली की समोरच्याला वाटतं याची चूक मोठी असणार, असं त्यांचं म्हणणं आहे. मग गुडघ्यावर बसतात, आणि पुढची पंचवीस मिनिटं मशीन गाडीतच राहतं.

गालिचा सहा फूट बाय नऊ. आधी कोपरा उलटून पाठ पाहायची. नक्षी पाठीवरही तितकीच स्वच्छ दिसली, तर बहुधा हाताने गाठी मारलेला. पाठीला कापड चिकटवलेलं असेल, तर आत डिंक आहे. त्याला पाणी जास्त झालं की पाठ सुटते आणि बोल मामांना लागतात. इथे नक्षी दिसते. मग कडेचा एक धागा उपटून काडी लावायची. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो, त्याचा कडक मणी होतो.

ही परीक्षा मामांना एकदा महागात पडली आहे. एका व्हिलाच्या मालकाने काश्मिरी म्हणून घेतलेल्या गालिच्याचा त्यांनी मणी करून दाखवला. मालकाचा राग दुकानदारावर निघायला हवा होता. तो निघाला नाही. तेव्हापासून काडी लावतात, वास घेतात आणि कागदावर फक्त ‘सिंथेटिक’ लिहितात, मोठ्याने काही बोलत नाहीत.

काकींचा मात्र अस्सल लोकरीचा. भदोहीचा, म्हणतात त्या, लग्नानंतर घेतलेला. भदोहीच्या हाती विणलेल्या गालिच्यांना २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा त्याच्या कितीतरी आधीचा. मधोमध वाटीएवढा डाग. शाकुतीचा, म्हणजे हळद घातलेल्या मसालेदार गोवन कालवणाचा, रस.

“आधी काही लावलं होतं का, काकी?”

“नाही रे. हातसुद्धा लावला नाही.”

[जवळून: डागावर साधं पाणी, त्यावर पांढरं फडकं.]

बाटलीत शाम्पू नाही, नळाचं पाणी आहे. मामा फडकं हलकेच चोळतात. आणि हे बघा, फेस.

साध्या पाण्याला फेस येत नाही. कुणीतरी साबण लावला आहे आणि तो नीट निघालेला नाही. मामा वर पाहत नाहीत. भाच्याला फोटो काढायला सांगतात. तेवढ्यात पिवळट डाग लाल होऊ लागतो.

“बघ, बघ! काल पिवळा होता. तुझ्या पाण्याने लाल झाला.”

[आवाज तसाच राहू द्या, ६ सेकंद.]

अशा जागी दुसरा कुणी असता तर साबणाचा विषय काढला असता. मामा स्वयंपाकघरातली चिमूटभर हळद मागतात. पांढऱ्या फडक्यावर ती ओली करून चोळतात, वर कपडे धुवायचा साबण घासतात. फडकं लालभडक.

“काकी, हळदीला चुना लावला की कुंकू होतं ना? हे तेच.”

हळदीतला कर्क्युमिन क्षारात लाल होतो. साबण, सोडा, चुना, सगळेच क्षार. आंबट काही लागलं की तो पुन्हा पिवळा. मामा पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून फडक्यावर दोन थेंब सोडतात, आणि लाल मावळतो. (गोव्याचं माडाचं व्हिनेगर इथे चालत नाही. ते तांबूस असतं, डागावर डाग.) गालिच्यावर तेच करण्याआधी कोपऱ्यात, सोफ्याखाली जाणाऱ्या बाजूला, रंग सुटतो का ते पांढरं फडकं दाबून पाहतात. फडकं पांढरंच. मग मधल्या डागावर.

बांगड्यांचे हात कमरेवर होते. ते आता कुठे आहेत ते पडद्यावर बघा.

पण हळद पिवळी झाली म्हणजे गेली नव्हे. उरलेली नेईल ते ऊन. कर्क्युमिन उन्हात विटतो, तीन-चार दिवस लागतात, आणि तरी छटा राहू शकते. हे मामा आत्ताच सांगतात, आणि लिहितातही.

[पुस्तकाचं पान. अक्षर गोल, मराठी.]

हा पाहणीचा कागद. गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू. आधीचे डाग कुठे, रंग कुठे विटला, उंदराने कुरतडलेली कड, साबणाचा अंश, धागा कोणता, वाळायला किती वेळ. वरची ओळ छापलेली आहे: ‘मळ काढून देईन. डागाचं सांगता येत नाही.’ भाषा मराठी, खाली हिंदी आणि इंग्रजी. गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय वायर प्लगला लागत नाही. सुरुवातीला असा कागद नव्हता. तेव्हा एका सोसायटीत एका शेऱ्यावरून आठ घरांची कामं गेली.

[मेजर टेप. झालर.]

मग माप. सहा बाय नऊ म्हणजे ५४ चौरस फूट. टेप झालरीच्या टोकापर्यंत धरायचा की विणीपर्यंत, हा या धंद्यातला सनातन वाद. झालर सुती असते, ती वेगळी हाताने धुवावी लागते, जास्त वेळ ओली राहिली तर तपकिरी पडते. म्हणजे मेहनत विणीपेक्षा जास्त. काकींचं म्हणणं, झालर म्हणजे गालिचा नव्हे. ठरतं विणीपर्यंतचंच. मामा टेप गुंडाळतात.

[मशीन सुरू. पारदर्शक नळीतून पाणी.]

या दृश्यावर बोलण्यासारखं काही नाही. बघा.

[१२ सेकंद फक्त मशीनचा आवाज.]

[बादली. काळपट लाल पाणी.]

घाण पाण्याची टाकी मामा गिऱ्हाइकासमोर रिकामी करतात, न्हाणीत नाही. एरवी वादात शब्दाला शब्द लागतो, बादलीला कुणी उत्तर देत नाही. रोज झाडू मारला जातो त्या घरातलं हे पाणी आहे. लोकर मळ पोटात ठेवते. पायाला लागून आलेली माती आणि आता रस्त्याच्या कामाची धूळ. मामा बादली हलवतात, तळाला बारीक लाल रेती. ती त्यांच्या ओळखीची आहे.

[किनारपट्टी. मोठं फाटक. कॅमेरा बाहेर.]

दुसरं काम एका व्हिलात. आत चित्रीकरणाला नकार मिळाला. मागच्या तीन कामांचे पैसे राहिले आहेत, ते मागायलाही मामा गेले आहेत. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्यात तसं लिहिलं आहे. मामांकडे नोंदणीचा कागदही आहे. तक्रार केलेली नाही. हिवाळ्यात कामं तिथूनच येतात.

फाटक उघडतं. चेहऱ्यावरून काही कळत नाही.

व्हिलाची बाजूही घ्यायची होती. व्यवस्थापकाने कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवला, एवढंच आपल्याकडे आहे.

[रात्र. घर. फोन स्पीकरवर.]

“डाग परत आला. तुम्ही काय केलं?”

हा फोन म्हापशाचा, चार दिवसांपूर्वीच्या कामाचा. आवाज बदलला आहे. मामा मध्ये बोलत नाहीत. समोरचा दम घ्यायला थांबेपर्यंत थांबतात. आम्ही मोजलं, एक मिनिट चाळीस सेकंद. मधे ‘ग्राहक कोर्टात खेचीन’ही येऊन जातं. ते खेचू शकतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेबद्दल तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. मामांना कलम माहीत नाही, पण पाहणीचं पुस्तक ते दोन वर्षं जपून ठेवतात.

“उद्या येतो. पैसे नकोत.”

डाग परत येतो तो कुणी टाकलेला नसतो. सांडलेलं खाली पाठीपर्यंत उतरलेलं असतं. वरचा थर धुतला, वाळू लागला, की तळातली ओल धाग्याच्या टोकाकडे चढते आणि बरोबर मळ घेऊन येते. जुन्या मातीच्या भिंतीत ओल वर चढते, तशीच. दुसऱ्या खेपेला कमी पाणी, जास्त ओढ, वर जाड टॉवेल आणि टॉवेलवर वजन. म्हापशाच्या घरात ते वजन म्हणजे काय होतं, ते पुढच्या दृश्यात आहे. घरच्यांनीच सुचवलं.

[पाटा-वरवंटा, टॉवेलवर.]

पावसाळ्याची दृश्यं आमच्याकडे नाहीत, चित्रीकरण नोव्हेंबरचं आहे. भाच्याच्या फोनमधला हा फोटो जुलैचा: बंद खोली, चार पंखे, मधे गालिचा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर लोकर वाळवणं म्हणजे समुद्रात मीठ सुकवणं. वास आला की दोष धुणाऱ्याचा. म्हणून आता जून ते सप्टेंबर मामा लोकरीची कामं घेत नाहीत, आणि नाही म्हटल्याबद्दलही लोक रागावतात. ते महिने बायकोच्या शिवणावर निघतात.

[पर्वरी. गच्ची. पाचवा दिवस. कठड्यावर गालिचा.]

ऊन चार दिवस मिळालं. डागाची जागा शोधावी लागते. कोनातून पाहिलं तर फिकट लिंबू छटा, ती कागदावर आधीच लिहिलेली आहे. बांगड्यांचा हात लोकरीवरून एकदा जातो, मग उलट्या दिशेने एकदा.

“झालर अजून पिवळी दिसते.”

पांढरी होती कधी, हे मामा विचारत नाहीत. काकी आत जातात, पाकीट घेऊन येतात. नोटा भाचा मोजतो, पुन्हा मोजतो, मामांकडे बघतो.

“तीन इंच जास्त धरलंस म्हणून मी वजा केले,” काकी म्हणतात. “त्या दिवशी टेप सैल होता.”

मामा पेटी उघडतात. टेपचं एक टोक भाच्याकडे देतात, दुसरं काकींच्या हातात. स्वतः बाजूला उभे राहतात.

[टेप ताणला जातो. कट नाही. तिघे वाकलेले.]