पाऊण प्लेट

घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आधी नजरेत भरते ती ही सोन्याचा मुलामा दिलेली प्लेट. यंत्राचा पाऊण भाग तिनंच झाकलाय. चाकं सगळी तिच्या पोटात. बघणाऱ्याच्या वाट्याला येतं ते कडेला हेलकावणारं, घड्याळाची लय राखणारं बॅलन्स चाक आणि त्यावरच्या पट्टीची हातानं कोरलेली वेलबुट्टी.

हे घड्याळ ग्लासहुट्टेचं. जर्मनीतल्या सॅक्सनीमधलं हे डोंगरातलं गाव. खाणीतली चांदी सरत आली आणि गावाला गरिबीनं गाठलं. ड्रेस्डेनचा घड्याळजी फर्डिनांड अडॉल्फ लांगे सरकारी कर्ज काढून १८४५ च्या डिसेंबरात इथं आला आणि १५ पोरांना हाताशी धरून कारखाना मांडला. मापंही त्यानं बदलली: घड्याळजींचं जुनं फ्रेंच माप सोडून मिलिमीटर घेतला. पुढं १८ वर्षं तोच गावाचा महापौर होता.

पण त्याची खरी ओळख ही प्लेट. एरवी चाकांवर छोटे-छोटे वेगळे पूल, म्हणजे चाकं वरून धरणाऱ्या पट्ट्या, असत. एक काढला तरी बाकीचे जागेवर. लांगेनं ते मोडीत काढून एकच प्लेट आणली, १८६४ च्या सुमारास तिचा हा पाऊण आकार ठरला. सगळ्या चाकांच्या आसांची वरची टोकं धातूच्या एकाच तुकड्यात, म्हणून अंतरं हलत नाहीत. मात्र जोडणाऱ्याचे हाल! केसासारखी बारीक टोकं एकाच वेळी प्लेटमध्ये बसवलेल्या आपापल्या माणकाच्या खड्याच्या भोकात उतरायला हवीत. जरा जोर पडला की टोक मोडलंच. एक चाक अडलं तरी अख्खी प्लेट पुन्हा काढायची. गिऱ्हाईकाला यातलं काहीच दिसत नाही, हे विशेष.

दिसतात ते निळे स्क्रू. हा रंग लावलेला नाही. घासून आरसा केलेलं पोलाद तापवत नेलं की आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि तीनशे अंशांच्या आसपास हा गर्द निळा येतो. तेवढ्यात उचलायचं. क्षणभर उशीर झाला की रंग फिका पडतो, पुन्हा घासण्यापासून सुरुवात.

८ मे १९४५ ला, युद्धाच्या अगदी शेवटी, कारखान्यावर बॉम्ब पडले. १९४८ मध्ये उरलंसुरलं सरकारजमा झालं. १९९० मध्ये लांगेचा पणतू वॉल्टर लांगे यानं कंपनी पुन्हा उभी केली. नव्या घड्याळांच्या पाठीला पारदर्शक काच आली, तरी तिच्यामागं प्लेट बहुधा पाऊणच असते आणि चाकं एकदमच बसवावी लागतात.