एक कान आत, एक कान बाहेर

मित्रहो, 'डीजे नेमकं काय करतो' हा आजचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ अपुरा पडला तरी ते तुमच्याजवळ राहील. डीजे ऐकतो. फ्लोअरवर, म्हणजे लोक नाचतात त्या जागेत, जे वाजतंय ते एका कानानं, आणि लोकांपर्यंत अजून पोचलेलंच नाही असं पुढचं गाणं दुसऱ्या कानानं, हेडफोनमधून. हेडफोन एका कानावर आणि दुसऱ्या कानामागे सरकवलेला, असे डीजेचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या क्षणी तो ऐन कामात असतो.

'हल्ली सगळं कंप्युटरच करतो' असं कधी ना कधी म्हणालेल्यांनी हात वर करा पाहू. अरे वा, निम्मं सभागृह! हरकत नाही, तुमच्यासाठीच मी आलोय. कार्यक्रम संपला की हे वाक्य कोणी ना कोणी मला ऐकवतंच, आणि दर वेळी मला ब्राँक्सची गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे घाई असते, सांगता येत नाही. आज सांगतो.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली होती. तबकड्या वाजवायला तिचा १८ वर्षांचा भाऊ, क्लाइव्ह. आपण त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखतो. त्या काळात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. काही पोरं गाणं चालू असताना बाजूला उभी राहतात. गायक थांबला, बाकीची वाद्यं थांबली, फक्त ड्रमचा ठेका उरला, की हीच पोरं मधोमध झेपावतात. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. पण तो काही सेकंदांत संपायचा. मग हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, लावल्या. इकडचा ब्रेक संपत आला की तिकडचा सुरू, आणि तो वाजतोय तोवर इकडची सुई उचलून पुन्हा ब्रेकच्या तोंडाशी. सेकंदांचा तुकडा मिनिटं-मिनिटं चालू लागला. या करामतीला त्यानं 'मेरी-गो-राउंड' नाव दिलं, आणि हिप-हॉपचा उगम लोक तिथेच मानतात. मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? रेकॉर्ड जुन्या, टर्नटेबलं इतरांकडेही होती. याची नजर मात्र नाचणाऱ्यांच्या पायांवर होती.

हर्क सुई अंदाजानं टाकायचा, त्यामुळे सांधा कधी बसायचा, कधी नाही. ते ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्राँक्समधल्याच दुसऱ्या डीजेला खटकलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा. त्यानं रेकॉर्डवर क्रेयॉननं खूण केली आणि तबकडी किती फेरे उलटी फिरवली की ब्रेकची सुरुवात हाताशी येते, ते मोजायला लागला. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला १.८ सेकंद घेते, म्हणजे फेरे मोजले की वेळ मोजलीच. तबकडीखाली निसरडा नमदा असेल तर खालची थाळी फिरत राहते आणि वरची तबकडी बोटांनी धरून ठेवता येते. तो नमदा, म्हणजे स्लिपमॅट, आजही वापरात आहे. फ्लॅशवर मी रात्रभर बोलू शकेन, पण बीट जुळवण्याकडे यायलाच हवं.

समजा, फ्लोअरवरचं गाणं मिनिटाला १२८ ठोक्यांचं आहे आणि पुढचं १२४ चं. पुढच्याचा वेग साधारण ३.२ टक्के वाढवावा लागतो. टेक्निक्स कंपनीच्या १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर यासाठी सरकपट्टी आली, उणे ८ ते अधिक ८ टक्क्यांची. पण तबकडीचा वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्क्यांना जवळजवळ अर्धा स्वर! गायिकेचा आवाज लगेच वेगळा वाटू लागतो. डिजिटल यंत्रात सूर जागेवर ठेवून वेग बदलता येतो, तबकडीवर नाही. आणि जुळवणीत अर्ध्या ठोक्याचा जरी फरक राहिला, १२८ आणि १२८.५, तरी मिनिटाभरात दोन्ही गाणी एकमेकांच्या बरोब्बर उलट वाजू लागतात. म्हणून डीजेचं बोट सतत तबकडीच्या कडेवर, किंचित ढकल, किंचित अडव.

आज वेग जुळवायचं हे काम डिजिटल यंत्रावरचं सिंक बटण करतं. करू दे. मला त्या बटणाचा अजिबात राग नाही. राग आहे तो, वेग जुळला की कला संपली, या समजुतीचा.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. खरा मुद्दा अजून बाकीच आहे, तेव्हा भराभर सांगतो.

एक म्हणजे सम. नाचाच्या संगीतात चार ठोक्यांची एक बार आणि बहुतेकदा आठ बारचं एक आवर्तन, म्हणजे ३२ ठोके. १२८ च्या वेगाला बरोबर १५ सेकंद. नवं गाणं या आवर्तनाच्या समेवरच आणायचं. दोन्हींचा वेग तंतोतंत जुळलाय पण एकाची सम दुसऱ्याच्या मध्यावर पडतेय, तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पाय मात्र अडखळतात. सिंकला ठोका कळतो. या क्षणी शिरावं की आणखी एक आवर्तन थांबावं, हे ठरवायचं डीजेनं.

दुसरं, बेस. दोन गाण्यांचे खर्जातले आवाज एकावर एक चढले की नुसता गोंधळ होतो. म्हणून मिक्सरवर, म्हणजे दोन्ही गाणी एकत्र करणाऱ्या यंत्रावर, एकाचा लो, म्हणजे खर्ज, उतरवायचा, दुसऱ्याचा चढवायचा, तोही समेवर. आणि आवाजाची पातळी मिक्सरवरच्या लाल दिव्यापर्यंत कधीच नेऊ नका. कानही जपा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, १०० डेसिबल मात्र पंधराच मिनिटं. बूथमध्ये, म्हणजे डीजेच्या जागेत, रात्र काढणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात इअरप्लग असलेच पाहिजेत. आम्ही कानांवर जगतो हो!

आणि तिसरं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: निवड. पुढचं गाणं कोणतं? फ्लोअरच्या कडेला उभे असलेले आत सरकतायत का? नाचणारे थकलेत की नुसते कंटाळलेत? थकलेल्यांना जरा सैल गाणं द्यावं लागतं, कंटाळलेल्यांना वेगळं. हे ओळखायला नवशिक्याला मी एकच अभ्यास सांगतो: रात्रीचा पहिला तास मागून घ्या. फ्लोअर रिकामा असतो, लोक येत असतात, बोलत असतात. तिथे सगळ्यात गाजलेलं गाणं पहिल्या वीस मिनिटांत लावण्याचा मोह होतो. ते लावलं, तर नंतर येणाऱ्या डीजेला चढायला जागाच उरत नाही. वेग थोडा खाली ठेवा, बेस हलका ठेवा, बोलणाऱ्यांना बोलू द्या, आणि पहिली दोन माणसं आपण होऊन हलायला लागली की त्यांच्याकडे बघत पुढचं गाणं निवडा.