मधुमेह, बधिर तळपाय आणि तोल

श्रोतेहो, नमस्कार. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळपायांची जाणीव हळूहळू कमी होते. पाऊल सपाट पडलंय की तिरकं, भार टाचेवर आहे की चवड्यावर, ही खबर मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. डोळे ती उणीव भरून काढतात. म्हणूनच दिवसा व्यवस्थित चालणारी व्यक्ती रात्री बाथरूमला जाताना धडपडते. आज पाहू तोल सावरण्याचा व्यायाम. गेलेली जाणीव या व्यायामानं परत येईल असं धरून चालू नका. पण पायांतली ताकद आणि तोल सावरण्याची चपळाई नक्की वाढते. आठवड्यातून दोन-तीन दिवस हा सराव हवाच.

इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी साखर तपासा. ९०च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन घ्या. तळपायाला जखम किंवा फोड असेल तर उभ्यानं व्यायाम नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

आधाराला स्वयंपाकाचा ओटा उत्तम. हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, ती ऐन वेळी सरकते. पायात टाच धरून ठेवणारे बूट असू द्यात, सपाता नकोत.

ओट्याकडे तोंड करून पावलं जुळवून उभे राहा. ३० सेकंद सहज जमलं की एक पाऊल अर्धं पुढे घ्या. तेही जमलं की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांसमोर, एका रेषेत. प्रत्येक टप्प्यावर आधी दोन्ही तळहात ओट्यावर, मग एक, मग फक्त दोन बोटं, आणि शेवटी हात ओट्याच्या वर अधांतरी. नजर समोर ठेवा. पावलांकडे पाहत राहिलात तर सगळं काम पुन्हा डोळ्यांवरच पडतं. थोडं डगमगायला हवं. अजिबात हलत नसाल तर सराव सोपा पडतोय. बुटात बोटं आवळली जात असतील तर मात्र एक टप्पा मागे या.

मग टाचा उचलणं दहा वेळा आणि भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठणं-बसणं आठ वेळा. आकडे मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. डोळे मिटून उभं राहण्याचा प्रयोग एकट्यानं कधीच करू नका.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तोलाच्या व्यायामानं ती जाणार नाही. डॉक्टरांकडून रक्तदाब बसून आणि उभ्यानं, दोन्ही वेळा मोजून घ्या.

व्यायाम झाल्यावर मोजे काढून तळपाय आरशात पाहा. लाल डाग दिसला तर बूट तिथे घासतोय. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका.